लेकीनं जिंकलेला डाव

बारामतीहून इंदापूरकडं निघालं की पिंपळीत रस्त्याच्या कडेला जोतीरामदादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याला लागूनच माझं खता-बियाणांचं. मधली भिंत एकच. त्याच्याकडं वॉर्निश तापलं की वास माझ्या गल्ल्यापर्यंत येतो, आणि माझ्याकडं फवारणीचं औषध सांडलं की तो पलीकडं खोकतो. एवढ्या वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकांना फारसं काही सांगितलं नसेल, पण पाहिलं मात्र सगळं.

दादा कमी बोलणारा. जळालेली मोटर पुढ्यात घ्यायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी गुंडाळत बसायचं. शेतकरी बाजूला उभा राहून घाई करतो, पाणीपाळी जाईल म्हणून कळवळतो, दादा नुसती मान हलवतो. त्याला बोलतं करायचं तर बुद्धिबळाचा विषय काढायला लागायचा. तरुणपणी बारामतीत एका मिस्त्रीच्या हाताखाली तो काम शिकला. लाईट गेली की मिस्त्री पट मांडायचा, आणि त्या काळात लाईट जायचीच. पत्र्याच्या शेडमध्ये, दारातनं येईल तेवढ्या उजेडात, दादाला हा खेळ लागला तो लागलाच. पुढं पंचक्रोशीत त्याला हरवणारा माणूस शोधून आणावा लागायचा.

त्याला एकच लेक, सृष्टी. तिसरीत असताना शाळेच्या कट्ट्यावरून पडून तिचा पाय मोडला आणि तिला प्लास्टर घालून घरी बसावं लागलं. पोरगी रडून रडून घर डोक्यावर घ्यायला लागली, तेव्हा दादानं तिच्या खाटेवर पट मांडला. प्लास्टर निघालं तरी पट काही निघाला नाही. रोज दिवेलागणीला बापलेक समोरासमोर. दादा पांढरी मोहरी घ्यायचा, तिला काळी.

"नेहमी मीच काळी का, अप्पा?"

"पट माझा हाय म्हणून. काळीनं मला हरव, मग पांढरी तुझी."

संजीवनीवहिनी चुलीपुढनं म्हणायच्या, "आवं, लहान लेकरू हाय. एखादा डाव सोडा की तिच्यासाठी."

"सोडलेला डाव घेऊन ती करंल काय?" दादा म्हणायचा, आणि पुढच्या चालीला पोरीचा वजीर मारायचा.

सृष्टीनं बापाला कधी हरवलं नाही. बरोबरी एकदा केली, तर वहिनींनी शिरा केला होता आणि वाटी माझ्या दुकानातही आली होती. तिला तो बारामतीला, पुण्याला स्पर्धांना घेऊन जायचा, मोटरसायकलवर. मी एकदा माझ्या गाडीवर त्यांच्या मागनं चाललो होतो. पोरगी मागं बसून बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, "घोडा ई पाच!" आणि दादा मान वळवून वाऱ्यात ओरडत होता, "उंटानं मारला!" पट नाही, मोहरी नाही, दोघं डोक्यातच खेळत पुण्यापर्यंत गेली. दुकानात तोंड न उघडणारा माणूस रस्त्यानं असा ओरडत चाललेला बघून मला हसू आवरेना.

पोरगी शिकली, बारामतीला पदवी केली, आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत माल तपासायच्या विभागात लागली. तिथंच शेजारच्या कारखान्यात मशिनवर लखन होता. इंदापूरचा. शांत पोरगा, वडील नाहीत, घरी आई. पण आपल्यातला नव्हता. आमच्याकडं एवढं एकच वाक्य पुरतं.

सृष्टीनं लपवाछपवी केली नाही. एका दुपारी ती सरळ दुकानात आली. भिंत एकच असल्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"अप्पा, मी पळून जाणार न्हाय. तुमाला सांगून, तुमच्या समोरनं जाईन. पण लग्न करीन ते लखनशीच. तुमी एकदा त्याला भेटा."

दादा कॉईल भरत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"मग जा," तो म्हणाला. "पण गेल्यावर परत येऊ नकोस."

ती बाहेर पडली. मग माझ्या दुकानासमोरनं गेली, माझ्याकडं न बघता. त्याच महिन्यात त्या दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं.

दादानं आरडाओरडा केला नाही, भांडायला गेला नाही. त्यानं फक्त वहिनींना शपथ घातली. "तिच्या तोंडाकडं बघशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." असं म्हटल्यावर आमच्या भागातली बाई काय करणार? वहिनी लेकीला भेटायला गेल्या नाहीत. पण दुपारी दादा जेवायला घरी गेला की, नाहीतर कधी तो दुकानात असतानाच, त्या माझ्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये येऊन बसायच्या आणि त्यांच्या साध्या बटणाच्या फोनवरनं लेकीशी बोलायच्या. पोत्यांच्या थप्पीआड, पदर तोंडावर धरून.

मी एकदा म्हणालो, "वहिनी, दादाला कळलं तर?"

"भावजी, शपथ तोंड बघायची हाय," त्या म्हणाल्या. "आवाज ऐकायची न्हाय."

दादाला कळत होतं. वहिनी गोडाऊनकडं गेल्या की तो हातोडी उचलायचा आणि काम नसताना लोखंडावर ठोकत बसायचा, म्हणजे त्यालाही काही ऐकू येऊ नये. आणि त्या गेल्या की हातोडी खाली. अशी तीन-चार वर्षं गेली. पट त्यानं दुकानात आणून ठेवला होता. आता त्याच्यासमोर मी बसायचो. मी म्हणजे कसला खेळाडू! पण दुसरं कोण होतं?

मागच्या गणपतीत इंदापूरच्या एका मंडळानं खुली स्पर्धा ठेवली होती. मंगल कार्यालयात, एका दिवसाची. दादानं आपल्याबरोबर माझंही नाव दिलं. सकाळीच त्याच्या मोटरसायकलवर निघालो. हॉलमध्ये लग्नाची टेबलं ओळीनं लावलेली, वर पट, प्रत्येक पटाला घड्याळ. शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, एक-दोन डॉक्टर, बँकेतले लोक आणि आमच्यासारखे. पहिल्या दोन फेऱ्यांत दादा दोन्ही डाव जिंकला, मी दोन्ही हरलो.

तिसऱ्या फेरीचे कागद भिंतीवर लागले. कोण कुणाशी खेळणार ते कॉम्प्युटर ठरवतो. गर्दी हटेपर्यंत आम्ही थांबलो. दादानं चष्मा लावला, बोट फिरवत आपलं नाव शोधलं. पांढरी मोहरी, जोतीराम. त्याच्यासमोर काळी मोहरी. तिथं त्याचं बोट थांबलं ते हललंच नाही. मी पुढं होऊन वाचलं. 'सृष्टी लखन' असं लिहिलं होतं.

शाळेच्या दाखल्यापासून पुण्याच्या स्पर्धेतल्या प्रशस्तिपत्रापर्यंत ते नाव त्यानं 'सृष्टी जोतीराम' असंच वाचलेलं. आता मधल्या जागी तो नव्हता. लग्न झालेल्या पोरीचं नाव असंच लिहितात, त्यात नवीन काही नाही. पण भिंतीवरच्या कागदावर ते असं समोर येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मी हळूच म्हणालो, "दादा, चल, जाऊ घरी. पंचांना सांगतो तब्येत बरी न्हाय म्हणून."

"का? मी काय चोरी केलीय व्हय?" तो म्हणाला आणि टेबलाकडं गेला.

ती आधीच येऊन बसली होती. पिस्ता रंगाचा ड्रेस, गळ्यात बारीक मंगळसूत्र. तिला चष्मा लागला होता. आधीपेक्षा बारीक दिसत होती. बाप समोर आला तशी ती उठून उभी राहिली.

"अप्पा," ती म्हणाली.

डावाआधी हात मिळवायचा असतो. दादानं हात पुढं केला, पण मान खाली. तिनं तो हात दोन्ही हातांत धरला. पंचांनी घड्याळं सुरू करा म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं सोडला.

माझा डाव नेहमीप्रमाणं लवकर आटोपला. मग मी त्यांच्या टेबलापासून जरा लांब, दोरीबाहेर उभा राहिलो. दादानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं होतं, जसं तो आयुष्यभर सरकवत आला. लहानपणी सृष्टी त्याला समोरचंच प्यादं काढून उत्तर द्यायची, कारण त्यानं तसंच शिकवलेलं. आज तिनं बाजूचं, उंटापुढचं प्यादं काढलं होतं. दादानं ते बघितलं आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. माझ्याशी खेळताना त्यानं कधी अशी खुर्ची ओढली नव्हती.

डाव लांबला. आजूबाजूची टेबलं रिकामी होत गेली. डाव चालू असताना बोलायचं नाही असा नियमच आहे, त्यामुळं दोघांनाही बोलायची जबाबदारी नव्हती. मला वाटतं, त्यामुळंच ती दोघं इतका वेळ समोरासमोर बसू शकली. ती अधूनमधून मान वर करून बापाकडं बघायची. त्याच्या पिकलेल्या मिशीकडं, तारेनं कापलेल्या बोटांकडं. तो मात्र पटावरनं नजर उचलत नव्हता. एकदाही नाही.

मग तिनं एक चाल केली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या तोंडातनं आवाज निघाला. तिनं आपला हत्ती देऊन दादाचा घोडा मारला. हत्ती घोड्यापेक्षा मोठा. असा सौदा कुणी करत नाही. दादानं प्याद्यानं हत्ती घेतला. पण त्या प्याद्याबरोबर त्याची तटबंदी फुटली. दोन-तीन चालींत त्याचं मधलं प्यादं गेलं, आणि तिचे दोन्ही उंट तिरप्या वाटांनी त्याच्या घरात बघायला लागले. दादानं सगळं करून पाहिलं. राजा पळवला, वजीर माघारी घेतला, एकदा तर असा सापळा लावला की मी असतो तर सरळ त्यात पाय दिला असता. ती थांबली, कपाळावर हात ठेवून बसली, आणि बाजूनं निघून गेली.

शेवटी दादानं पटाकडं बराच वेळ बघितलं. मग बोटानं आपला राजा आडवा केला.

तिनं हात पुढं केला नाही. पुढं वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं. मी जवळ गेलो होतो म्हणून मलाही ऐकू आलं.

"सोडला न्हाय ना, अप्पा?"

"न्हाय," दादा म्हणाला.

कागदावर सही केली आणि तो उठला. ती बसूनच राहिली. मी तिच्याजवळ गेलो, "सृष्टी, बरी हायस का?" म्हणालो. ती हसली, डोळे पुसले. "काका, त्यांना थांबवू नका. येतील ते. हरल्यावर अप्पा परतीचा डाव मागायला येतातच."

बाहेर दादा गाडीला किक मारत होता. उरलेल्या फेऱ्या आम्ही खेळलो नाही. भवानीनगरला चहाला थांबलो, आणि कप हातात घेतल्यावर तो म्हणाला, "विजयराव, हत्ती दिला तिनं. घोड्यासाठी हत्ती! मी हे कधी शिकवलं न्हवतं." आणि हसला. लेक घरातनं गेल्यापासून त्याला पहिल्यांदा हसताना मी बघितलं ते तिथं.

त्यानंतर तो वेगळाच माणूस झाला. माझ्या काउंटरवर पट मांडून तो सगळा डाव परत खेळून दाखवायचा. औषध घ्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही धरून बसवायचा. "बघा, हितं मला वाटलं खेळाडू चुकला. चुकला न्हवता. मीच फसलो." खेळाडू म्हणायचा. नाव घ्यायचा नाही. कुणी म्हणालं, लेक होती म्हणून सोडला असशील, तर त्या माणसावर असा खेकसायचा की तो दुकानातनं काढता पाय घ्यायचा.

एक दिवस मला म्हणाला, "दिवाळीला जाऊन घेऊन यावं म्हणतो. दोघांनाबी."

"मग आजच जा की."

"तसं न्हवं. हरलो म्हणून लगेच पळत आला, असं वाटंल. दिवाळीला लेकीला आणायला जाणं बरं दिसतं. तुमच्या वहिनीला काय बोलू नका. एकदम घेऊनच येतो."

दिवाळी आली. पाऊस लांबल्यामुळं उसाची, कांद्याची कामं एकदम अंगावर आली, आणि गावोगावच्या मोटरी दुकानापुढं रांगेत लागल्या. लोक पाया पडत होते. पाडवा गेला, भाऊबीज गेली. मी आठवण केली तर म्हणाला, "तुळशीचं लग्न होऊ द्या. मग निवांत जातो. राहून पण येईन एक दिवस." एवढं तो बोलला म्हणजे त्याच्या मनात सगळं पक्कं झालं होतं. रस्ता, वेळ, तिथं गेल्यावर काय म्हणायचं, सगळं.

साखर कारखाने सुरू झाले होते. तुळशीच्या लग्नाआधीच्या एका संध्याकाळी कंपनी सुटल्यावर सृष्टी स्कूटरवर इंदापूरला निघाली होती. अंधार पडायला लागला होता. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली चाक निखळून उभी होती. मागं ना दिवा, ना लाल कापड.

वहिनींच्या फोनवर फोन आला. त्या घरनं दुकानापर्यंत अनवाणी आल्या. फोन नुसता दादाच्या हातात दिला. मी चारचाकी काढली. आम्ही पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरला लखनच्या दारात माणसं जमली. कंपनीतल्या पोरी, शेजारीपाजारी, त्याचे नातेवाईक. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता, सगळं बांधूनच दिलं होतं. वहिनी त्या पांढऱ्या कापडाला कवटाळून बसल्या. दादा गर्दीच्या मागं, विजेच्या खांबाला टेकून उभा. त्याला तिथं कुणी ओळखत नव्हतं. एक म्हातारा मला म्हणाला, "हे पावणं कुठलं?" मी काय सांगू? "पिंपळीचं," म्हणालो.

लखनची आई साखरबाई. कष्टानं वाळलेली बाई. तिनं कुणाला तरी विचारलं, "माहेरची साडी आणलीय का? सवाष्णीला माहेरची साडी लागती." कुणीच काही आणलं नव्हतं. तिनं वहिनींकडं बघितलं, मग त्यांच्या नजरेमागनं खांबाकडं. सगळं समजून ती उठली आणि गर्दीतनं वाट काढत दादासमोर येऊन उभी राहिली.

"पोरीचं वडील ना तुमी?"

दादानं मान हलवली.

"मग मागं का उभं इवाई? पुढं या. आणि साडी आणा लेकीला. हिरवी आणा."

मी आणि दादा इंदापूरच्या पेठेत गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. दुकानदार आनंदी माणूस, आम्हाला बघून गादीवर हात मारून म्हणाला, "या, या, बसा! लग्नसराईचा नवीन माल आलाय. लेकीसाठी व्हय? आवडीचा रंग कंचा त्यांच्या?"

मीच म्हणालो, "हिरवी द्या. कुठलीबी द्या." दुकानदार तरीही एकेक घडी उलगडत राहिला, पदर दाखवत राहिला. दादानं एका साडीवर हात ठेवला आणि तो हात त्याला उचलता येईना. तेव्हा दुकानदारानं पुढं न विचारता ती साडी बांधून दिली.

ती साडी वर घातली गेली. पाणी दादानंच दिलं. लखन समोर होता, पण त्यानं दादाकडं पाहिलं नाही.

तेराव्याला आम्ही परत गेलो. जेवणं उरकल्यावर दादा लखनजवळ गेला. त्याच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच त्या पोराशी बोलत होता.

"चुकलं माझं," दादा म्हणाला. "तू आणि तुजी आई... पिंपळीला या. घर तुमचंच हाय."

लखननं आवाज चढवला नाही.

"त्या स्पर्धेवरनं ती घरी आली तवा तिचं पाय जमिनीवर न्हवतं. अप्पांनी डाव सोडला न्हाय, मी खरीखुरी जिंकले, हे कितींदा सांगितलं तिनं. मला तर खेळ येतबी न्हाय. म्हणाली, आता अप्पा येतील. दर रविवारी सकाळीच घर झाडून घ्यायची. पोहं भिजवून ठेवायची. मी म्हणायचो, आपण जाऊ तिकडं, मी पाया पडतो त्यांच्या. ती म्हणायची, न्हाय, त्यांनी येऊ नकोस म्हणून सांगितलंय, ते आलं पायजेत." तो थांबला. "दिवाळीत चारी दिवस दारात बसली हुती. तवा तुमी आला न्हाय. आता माझ्या घरी येऊ नका, मीबी तुमच्याकडं येणार न्हाय. आईचं म्हणणं काहीबी असू दे. मला जमायचं न्हाय."

साखरबाई मध्ये पडायला आली, पण लखन उठून आत गेला होता. दादानं तिला हात जोडले. तिनं पदर डोळ्याला लावला, पण थांब म्हणाली नाही. पुढं कळलं, लखननं इंदापूरचं घर सोडलं आणि आईला घेऊन सोलापूरकडं बदलून गेला.

घरी वहिनींनी बोलणं बंद केलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. वेळेवर ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, आणि तो घरात आला की त्या अंगणात जायच्या. गोडाऊनमध्ये येणं थांबलं, पण सवयीनं कधी पाय वळायचे. दारापर्यंत येऊन परत जायच्या. दादा पट मांडत नव्हता. काम करायचा, पण हात चालत नव्हते. एका शेतकऱ्याची मोटर दोनदा जळून परत आली.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. मी दादाजवळच बसलो होतो. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि किती तरी दिवसांनी त्याच्याशी बोलल्या.

"तुमच्या समोर बसली हुती ना ती? एवढा येळ. कशी दिसत हुती?"

दादानं वर पाहिलं.

"मी तर शपथ पाळली," वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं तिचं तोंड मला दिसलं न्हाय. शेवटीबी न्हाय. तुमाला दिसलं. सांगा की. काय घातलं हुतं? जाड झाली हुती का बारीक?"

दादा बोलायला लागला. "घातलं हुतं... पांढरं काय तरी. का निळं..." तो अडखळला. "तिनं उंटापुढचं प्यादं काढलं पयलं. मग घोडा. मग..." त्याला सगळ्या चाली आठवत होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "चष्मा हुता का न्हाय तिला?" त्यानं माझ्याकडं बघून विचारलं. "न्हाय. न्हवता. तिला कुठं चष्मा?"

मी खाली बघितलं. वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमी सांगा."

मी सांगितलं. पिस्ता रंगाचा ड्रेस. चष्मा लागलेला, काळ्या काड्यांचा. थोडी बारीक. हसली की तसंच हसत होती. दादाकडं सारखी बघत होती. वहिनी ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, जणू एकेक वस्तू पदरात घेत होत्या. दादाही ऐकत होता. माझं सांगून संपलं तरी तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. इंदापूरला गेला, स्पर्धेच्या मंडळाचा पत्ता काढला, त्या दिवशी फोटो काढणाऱ्या पोराला गाठलं. पोरानं सगळे फोटो शोधले. बक्षीस समारंभाचे होते, पाहुण्यांचे होते, नारळ फोडल्याचे होते. सृष्टीचा एकच निघाला. तोही हॉलचा, बाजूनं काढलेला. टेबलांच्या ओळीत एका पटावर वाकलेले बाप आणि लेक. बापाचं तोंड खाली. लेकीचा हात कपाळावर, त्यामुळं चेहरा झाकलेला. दिसत होते फक्त तिचे केस, कपाळावरची बोटं आणि पिस्ता रंगाची बाही.

तो फोटो मोठा करून घेऊन आला. मी त्यांच्या घरी होतो तेव्हा त्यानं तो वहिनींच्या हातात दिला. वहिनी तो घेऊन दारातल्या उजेडात बसल्या. बराच वेळ बघितला. मग बोट त्या केसांवरनं फिरवलं.

"भांग डावीकडं पाडायला लागली हुती," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं असताना मधोमध पाडायची."

"व्हय?" दादा म्हणाला. आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसून तोही बघायला लागला.